प्रश्न सातवा आणि पिवळी पिशवी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. याआधीच्या चार वह्या चार गावांत राहिल्या. ही राहणार नाही. हिच्यावर मी नाव घातलंय.

ताईकडे येऊन अकरा दिवस झाले. दोन दिवसांसाठी आलो होतो. घर कचरा डेपोच्या फाटकापासून चालत चार मिनिटांवर. (मोजली. वाटेत कुत्रं भेटलं म्हणून सहा लागली.) भाऊजी डेपोवर डोझर चालवतात. ट्रक कचरा ओतून जातो, भाऊजी तो पसरतात, दाबतात, वर माती ओढतात. घरी आल्यावर फारसं बोलत नाहीत. दिवसभराचा आवाज त्यांना पुरतो.

आज फाटकावर नोटीस लागली. अत्यल्प किरणोत्सारी कचरा, म्हणजे दवाखान्यांतले, प्रयोगशाळांतले हातमोजे, फडकी, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा, हे यापुढे साध्या डेपोत टाकू द्यायचं. त्याचे नियम करतायत. लोकांच्या हरकती व सूचना मागवल्यात. जनसुनावणी २८ तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराला, नगर सभागृहात. मसुदा चौसष्ट पानांचा. शेवटी जनतेला विचारलेले अकरा प्रश्न.

ताईला सातवा महिना आहे. भाऊजींचे युनिफॉर्म ती हाताने धुते. सगळं ऐकून घेऊन तिने एवढंच विचारलं, की त्यातली पिशवी कुठली, हे यांना कुणी सांगणार आहे का? भाऊजी म्हणाले, मला कोण सांगतंय, मी दाबणारा माणूस.

मी म्हणालो, हे माझ्यावर सोडा.

ताईने भाऊजींकडे बघितलं. मागच्या खेपेला हे वाक्य मी गिझरबद्दल म्हणालो होतो.

४ मार्च, मंगळवार

प्लॅन. रोज सात पानं वाचायची. चौसष्ट भागिले सात, नऊ दिवस आणि वर चिल्लर. मग दोन आठवडे फक्त भाषणाला पॉलिश.

मसुदा उंबऱ्याबाहेर ठेवला. ही माझी जुनी पद्धत. लक्षात ठेवायची वस्तू दाराबाहेर ठेवायची, म्हणजे जाता-येता पायात येते आणि आठवण होते. सहा वर्षं भटकतोय, याच पद्धतीवर. ताईचं म्हणणं, याच पद्धतीने माझे दोन स्वेटर आणि एक गिटार गेली. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी कचऱ्याची गाडी येते आणि गाडीवाला दाराबाहेरचं सगळं उचलतो, एवढं ध्यानात ठेव म्हणाली. ठेवलं.

संध्याकाळी ७. चार पानं झाली. सगळ्या व्याख्या. 'कचरा म्हणजे काय' यालाच दीड पान. मला वाटायचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

७ मार्च, शुक्रवार

पान नऊ.

पुढे जाणार होतो, पण नदीच्या पुलाला रंग देणारी टोळी आलीय. दोरीवर लटकून रंगवतात. बघायला थांबलो. मग एकाने ब्रश दिला. रंगाऱ्यांचा मुकादम म्हणाला, हात स्थिर आहे तुझा. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. चार तास गेले. पण वाया नाही. वरून डेपो पूर्ण दिसतो. पाहणी झाली.

घरी आल्यावर भाऊजींनी विचारलं, कितव्या पानावर मेहुणे? मी म्हणालो, आकडा महत्त्वाचा नाही, आकलन महत्त्वाचं. भाऊजी म्हणाले, म्हणजे नऊच का अजून.

११ मार्च, मंगळवार

मसुदा वाचण्यापेक्षा पुरावा गोळा करणं जास्त परिणामकारक. गल्लीच्या टोकाला शास्त्राचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्याकडे किरणोत्सार मोजायचा छोटा मीटर आहे. उसना आणला. मास्तर समजावत होते, की किरणोत्सार सगळीकडेच थोडाथोडा असतो, आकडा बघून घाबरायचं नसतं, तुलना करायची असते. हो हो म्हणालो. मला यंत्राची बटणं बघायची होती.

दुपारी १. डेपोच्या फाटकाशी: ११.

दुपारी १.२०. घरी, अंगणात: १२.

दुपारी १.३०. स्वयंपाकघरात, ग्रॅनाइटच्या ओट्यावर: २९.

दुपारी १.३१. परत मोजलं. ३०.

दुपारी २. ताईला ओट्यापासून लांब बसवलं. कारण सांगितलं नाही. म्हणालो, आज स्वयंपाक मी करतो. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुपारी ४. मास्तरांकडे धावत गेलो. ते हसले. ग्रॅनाइट आहे, दगडातच असतं ते, पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्यावर कणीक मळतायत, जा घरी. मग म्हणाले, धोका फार नाहीये रे या कचऱ्यात. प्रश्न धोक्याचा नाही, माणसाला सांगायचं की नाही याचा आहे. हे जरा गुळगुळीत वाटलं. भाषणात घेणार नाही.

पुरावा सध्या बाजूला ठेवला. तो आमच्याच ओट्याविरुद्ध जातोय.

१४ मार्च, शुक्रवार

आज वातावरण बरं नाही.

दुपारी डेपोवर एक बंद ट्रक आला. नेहमीचा नव्हता. आतून पिवळ्या पिशव्या, वीसेक. भाऊजी डोझरवरून उतरले आणि ट्रकवाल्याला विचारलं, काय आहे यात? तो म्हणाला, मला ओतायला सांगितलंय, वाचायला नाही. काट्यावरच्या बाईंनी पावती दाखवली. ट्रकचं वजन करणाऱ्या त्याच. पावतीवर फक्त 'मिश्र'.

भाऊजींनी दाबलं. करणार काय. मागे तीन ट्रक उभे.

घरी आले ते आत आलेच नाहीत. बाहेरच्या नळावर युनिफॉर्म काढला, तिथेच भिजवला, अर्ध्या चड्डीवर अंगणात बसून राहिले. ताई दारात उभी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मी म्हणालो, नियम अजून झालाच नाहीये, ते साधंच काहीतरी असणार. ताई म्हणाली, असेल. पण 'असेल' ला साबण कुठला लावू, ते सांग.

मी आत गेलो. मीटर आणून युनिफॉर्मला लावला. ११. सगळ्यांना दाखवला. ताई म्हणाली, आजचं झालं. पुढच्या ट्रकला काय, रोज त्यांच्यामागे मीटर घेऊन पळणार आहेस?

उद्यापासून रोज चौदा पानं.

१७ मार्च, सोमवार

पान नऊ. पण आता स्ट्रॅटेजी बदललीय. सह्या! हजार सह्यांपुढे चौसष्ट पानं काय.

टार्गेट १०००.

१९ मार्च, बुधवार

सह्या ४१.

लोकांना थांबायला वेळ नाही. 'किरणोत्सारी' म्हटलं की अर्धे पळतात आणि 'अत्यल्प' म्हटलं की उरलेले. बसथांब्यावर एका आजींनी छप्पर कधी घालणार विचारलं. मी म्हणालो, यात सगळंच येतं. त्यांनी सही केली, मागच्या अकरा जणांकडूनही करवून घेतली. म्हणजे एक्केचाळीसपैकी बारा सह्या छपराच्या आहेत. पण सही ती सही.

रंगाऱ्यांच्या टोळीने सात दिल्या. त्यासाठी एक कमान रंगवावी लागली.

२१ मार्च, शुक्रवार

ताईने विचारलं, माझा प्रश्न लिहिलास का? मी म्हणालो, हो, त्यातच आहे सगळं. ती म्हणाली, वाचून दाखव.

भाषणाची सुरुवात वाचली. 'मानवाने अग्नीचा शोध लावला तेव्हापासून...' तिने शेवटपर्यंत ऐकलं. अग्नी, चाक, वीज, मग सह्या. म्हणाली, भिंगरी, यात पिशवी कुठेय?

(घरात मला भिंगरी म्हणतात. पायावरून. मी प्रवासी आहे, भिंगरी नाही.)

म्हणालो, पिशवी शेवटी येते. क्लायमॅक्सला.

तिने स्वतःच मसुदा उचलला आणि उलटा धरला. म्हणजे शेवटच्या पानापासून वाचायला लागली. असं कुणी वाचतं का? अग्नीचा भाग मी आणखी वाढवला.

२४ मार्च, सोमवार

डेपोच्या ठेकेदाराने आज सगळ्या ड्रायव्हरना बोलावून सांगितलं, सुनावणीला या, टाळ्या वाजवा, चहा प्या. ज्याला बोलायची हौस असेल त्याने नंतर बोलायलाच जावं, डोझरवर यायचं कारण नाही.

भाऊजींनी हे जेवताना सांगितलं. ताईचा घास हातातच राहिला. घर डेपोचंच आहे, कामासोबत मिळालेलं. काम गेलं की घर जातं. नववा महिना लागेल तेव्हा कुठे असणार, हे तिने विचारलं नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तेवढ्यात सगळं आलं.

भाऊजी मला म्हणाले, म्हणून सगळी भिस्त तुमच्यावर. तुम्ही ना डेपोचे, ना गावाचे. तुमचं कुणी काही काढून घेऊ शकत नाही. एकच वाक्य विचारा. फार नको.

एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. तडक पुलावर गेलो. विचार करायला. दुसरी कमान पूर्ण.

२६ मार्च, बुधवार

सुचलं!!

भाषणच नाही. नाटक. भाऊजींच्या डोझरच्या शेडमधून एक कोरी पिवळी पिशवी घ्यायची, त्या ट्रकातल्यासारखीच. सह्यांचे कागद त्यात. वर तीन गाठी. सुनावणीत सरळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, साहेब, सांगा यात काय आहे? हात लावा. ते मागे सरकणार. मग मी म्हणणार, तुम्ही मागे सरकलात, आमच्या ड्रायव्हरने काय करायचं? आणि मग गाठी सोडून सह्या बाहेर! सभागृह उभं राहणार.

कुणाला सांगणार नाही. सांगितलं की सरप्राइज गेलं. ताईला सांगितलं तर ती दुरुस्त्या सुचवते.

२७ मार्च, गुरुवार

पिशवी भरली. सह्या ४६. (पाच आज वाढल्या. सलूनमध्ये. माझी पाळी येईपर्यंत.) भाषणाचे कागदही आतच टाकले, सगळं एका ठिकाणी असलेलं बरं. सुनावणीचं बोलावणंही. तीन गाठी मारल्या.

आरशासमोर सहा वेळा रिहर्सल. 'हात लावा' म्हणताना आवाज चिरकतो. पाणी पिऊन परत.

ताई आज घरभर फिरत राहिली. एकदा बसली, परत उठली. तिच्या हातात मसुद्याचं एकच पान होतं, फाडून काढलेलं. म्हणाली, हे बघ, त्यांनी स्वतःच... मी म्हणालो, ताई, आता नवीन काही नको, डोक्यात सगळं सेट आहे. तिने पान घडी करून भाऊजींच्या शर्टाच्या खिशात घातलं. कपडे धुणाऱ्या बाईने खिशात कागद घालावा!

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.३०

पहाटे चारलाच उठलो. चांगलं लक्षण. भाऊजी पहाटेच कामावर गेले. दहा ते बारा सुट्टी मिळालीय, तिथून परस्पर सभागृहात येणार. विसरू नये म्हणून पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. जरा पुलापर्यंत जाऊन येतो, मोकळ्या हवेत शेवटची रिहर्सल.

सकाळी १०.१०

पिशवी नाही.

ताई म्हणते, तिने हात लावला नाही. शेजारी म्हणतात, त्यांनी लावला नाही. कुत्रं तर कालपासून दिसलेलं नाही.

सकाळी १०.१४

आज शुक्रवार आहे.

सकाळी १०.५०

डेपोवर पळत गेलो. काट्यावरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या गल्लीची गाडी साडेआठलाच रिकामी झाली. पावती दाखवली. 'मिश्र'. भाऊजी सभागृहाकडे निघून गेले होते. डोझर उभा होता, खाली सपाट, वर ताजी माती. सव्वीस दिवसांची तयारी होती तिथे कुठेतरी.

ताई सभागृहाच्या दारात भेटली. रिक्षाने एकटीच आली. माझे रिकामे हात बघितले. मग आत जाऊन बसली.

संध्याकाळी ६

घडलं तसं लिहितो.

समोर टेबलामागे तीन अधिकारी. पहिल्या रांगेत ठेकेदार, पायावर पाय. मागे ड्रायव्हर. भाऊजी सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकून. खिशात घडी. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं, तीन झाली की घंटी. एका घरातून एकच वक्ता. आमच्या घरातून मी नाव दिलं होतं. ताईचा प्रश्न विचारायचा तर मीच.

माझं नाव आलं. माइकजवळ गेलो. मानवाने अग्नीचा शोध... पुढे आठवेना. कागद पिशवीत. म्हणून पिशवीबद्दल सांगायला लागलो. की ती पिवळी होती. की तीन गाठी होत्या. की मी दारात ठेवली होती, कारण माझी पद्धत अशी आहे. मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण. छपराच्या सहीवाल्या आजी ओरडल्या, छपराचं बोल! मी ताईकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. आणि मला तिचं ते एक वाक्य आठवेना. खरंच आठवेना. अग्नी आठवत होता, चाक आठवत होतं.

घंटी वाजली.

मधल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. घंटी वाजल्यावरही त्यांनी विचारलं, मग ती पिशवी गेली कुठे?

सभागृहाच्या शेवटून आवाज आला. माझ्याकडे आहे, मॅडम. म्हणजे माझ्या डोझरखाली. दीड मीटर.

भाऊजी.

ठेकेदाराने मान वळवली. भाऊजींनी ती बघितली, मी त्यांना ती बघताना बघितलं. क्षणभर वाटलं, आता परत भिंतीला टेकतील. टेकले नाहीत. म्हणाले, सकाळी मीच दाबली. माझ्या घरची पिशवी, माझ्या मेहुण्याने भरलेली, आणि मला पत्ता नाही. कुणी सांगितलंच नाही. पावतीवर 'मिश्र'. मग खिशातली घडी काढून उलगडली. म्हणाले, पान साठ, तुमचा प्रश्न सातवा. 'डेपोवरील चालकास प्रत्येक खेपेची पूर्वसूचना द्यावी काय?' मॅडम, तुम्हीच विचारलंय. आमच्या घरात हे फक्त माझ्या बायकोने वाचलं. उत्तर आहे, हो. द्यावी. घरच्याला घरच्या पिशवीचं कळत नाही, तर मला तुमच्या पिशवीचं कसं कळणार? माझे कपडे माझी बायको धुते. तिला काय सांगू?

मग बसायला खुर्ची नव्हती म्हणून उभेच राहिले.

घंटी कुणी वाजवली नाही. अधिकारी बाई खाली मान घालून लिहीत होत्या, बराच वेळ. ठेकेदार पायावरचा पाय काढून बसला.

एकंदरीत माझा प्लॅन यशस्वी झाला. पिशवीचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच साधला. फक्त क्लायमॅक्स भाऊजींनी घेतला.

२९ मार्च, शनिवार

भाऊजी कामावर गेले. ठेकेदार काय करतो, या काळजीने ताई सकाळपासून फाटकाकडे कान लावून. अकराला डोझर सुरू झाल्याचा आवाज आला. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग उठून कुकर लावला. ग्रॅनाइटच्या ओट्यावर.

संध्याकाळी भाऊजींनी सांगितलं, ठेकेदार आज त्यांच्याकडे बघतच नाही. काट्यावरच्या बाईंनी मात्र चहा पाजला.

मी मसुदा उघडला. पान दहा. कबूल करतो, पान दहा वाईट नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ८

काल सुनावणीचा अहवाल फाटकावर लागला. ताईने फोटो काढून आणला आणि मोठ्याने वाचला. प्रश्न सातवा: हरकत मान्य. प्रत्येक खेपेवर ठळक खूण आणि चालकाच्या हातात आदल्या दिवशी लेखी चिठ्ठी. अंमल जुलैपासून.

भाऊजी म्हणाले, जुलै. आणि तोवर? ताई म्हणाली, तोवर कपडे बाहेरच्या नळावर. पण त्या दोघांत हसणं होतं. बऱ्याच दिवसांनी.

माझाही उल्लेख आहे, पान सहावर. 'एका उपस्थिताने हरवलेल्या पिशवीबाबत तीन मिनिटे निवेदन केले. नोंद घेतली. सह्यांचे निवेदन: प्राप्त झाले नाही.' खाली टीप, बसथांब्याच्या छपराची मागणी संबंधित खात्याकडे पाठवली आहे.

म्हणजे छप्पर माझ्या नावावर.

इथलं माझं काम संपलं. रंगारी पुढच्या गावच्या पुलाला निघालेत. मुकादम म्हणाला, चल, हात स्थिर आहे. दोन दिवसांत परत येतो, असं ताईला सांगितलं. ती म्हणाली, हो, आठवा लागलाय, दोन दिवसांतच ये.

बॅग भरून, विसरू नये म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवली. ही वही तेवढी हातात, शेवटचं लिहायला. आता बाहेर आलो, तर बॅग आतल्या बाजूला सरकवलेली. बॅगेच्या कडीला दोरीने पुठ्ठा बांधलाय. ताईचं अक्षर, ठळक:

'आत भिंगरीचे कपडे. दाबू नये.'